सत्तावन्न मिलिमीटर

मराठीत ‘बोअर’ हा शब्द तीन ठिकाणी कामाला येतो. व्याख्यान लांबले की श्रोते बोअर होतात. विहीर आटली की शेतकरी बोअर मारतो. आणि विठ्ठलवाडीच्या गॅरेजांच्या ओळीत कुणी ‘बोअरला टाकलंय’ म्हणाला, तर त्याच्या तीनचाकीचे इंजिन उघडलेले आहे, सिलेंडर बोअरिंग मशीनवर गेला आहे आणि घरात दोन-तीन दिवस कमाई येणार नाही, असे समजावे. हा लेख या तिसऱ्या बोअरविषयी आहे. पहिल्या अर्थाची वेळ वाचकांवर येऊ नये एवढी काळजी घेईन.

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेवर कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधले छोटे स्टेशन. मुंबईकरांना ते गाडीच्या खिडकीतून जाणाऱ्या पाटीपुरते माहीत असते, एसटीने जाणाऱ्यांना तिथल्या आगारामुळे. पलीकडचे उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर उभे राहिलेले शहर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना या ‘कल्याण कॅम्पा’त आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर झाले. सगळे मागे सोडून आलेल्या माणसांनी हाताला येईल ते बनवून विकले. ‘मेड इन यूएसए’मधला यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद त्यातूनच आला. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती हे ज्याने-त्याने ठरवावे. मोडलेली वस्तू फेकायची नाही, तिला नवे पोट आणि नवे हातपाय लावायचे, ही सवय मात्र रेल्वेच्या दोन्ही बाजूंना झिरपली. जुन्या तीनचाकीचे इंजिन ‘वाढवून’ घेण्याची कल्पना अशाच ठिकाणी रुजू शकते.

माझी नोकरी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मशिनिस्टचे काम शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतरही एक बोअर गेज आणि एक मायक्रोमीटर पिशवीत असतो. काही लोक चष्म्याचे घर बाळगतात, तसा. गेल्या पावसाळ्याआधी ओळखीच्या एका मिस्त्रींनी बोलावले. त्यांच्याकडे मलंगगडाच्या बाजूच्या एका रोपवाटिकेची जुनी बजाज मालवाहू तीनचाकी आली होती. टू-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारी. हमरस्त्यावरून ती केव्हाच निवृत्त झालेली. आता रोपवाटिकेच्या कुंपणाच्या आत, लाल मातीच्या चढावर, कुंड्या आणि शेणखताची पोती वाहत होती. चढावर तिचा दम उखडत होता. मालकांचे म्हणणे असे की, इंजिन मोठे करून द्या. त्यांच्या भाच्याने त्यांना मोबाइलवर युरोपातल्या वेस्पांचे व्हिडिओ दाखवले होते.

‘सर, त्रेसष्टचा पिस्टन घालायचा म्हणतात,’ मिस्त्री म्हणाले. ‘घालता येईल का ते तुम्ही सांगा. घालावा का ते मी सांगतो.’

या त्रेसष्टचा अर्थ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बजाज ऑटो ही १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने सुरू झालेली कंपनी. १९४८ पासून तिने दुचाक्या आणि तीनचाक्या आयात करून विकल्या, १९५९ मध्ये सरकारकडून त्या इथेच बनवण्याचा परवाना मिळवला आणि इटलीच्या पियाज्जिओ कंपनीशी तांत्रिक करार केला. पियाज्जिओची वेस्पा १९४६ची, आणि तिच्याच अंगावर दोन मागची चाके चढवून केलेली ‘आपे’ १९४८ची. दोन्हींचा रचनाकार एकच, कोरादिनो दास्कानिओ. तो मुळात विमान आणि हेलिकॉप्टरचा माणूस होता आणि त्याला मोटरसायकल आवडत नसे. इटालियन भाषेत ‘वेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी आणि ‘आपे’ म्हणजे मधमाशी. आपल्याकडे मात्र ‘आपे’चे ‘ॲपे’ झाले, आणि बारामतीत तयार होऊन ती तालुक्या-तालुक्यांत पोचली तोवर मधमाशी विस्मरणात गेली होती. पियाज्जिओबरोबरचा करार १९७१मध्ये संपला. त्याच वर्षी बजाजची मालवाहू तीनचाकी आली आणि १९७७मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा.

तीनचाकीच्या नावांवरून एक आडवाट. आपण कोणत्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो. हे नाव हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे. फिरोदियांनी त्याच्याशी करार करून १९५८मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू केली आणि ‘हॅन्सीट’ नावाची तीनचाकी इथे आणली. तिचे सुमारे चारशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाच्या डोक्यावर बसलेले असे आणि तेच चाक फिरवत असे. मराठीने कंपनीचे नाव घेतले, त्याचे सामान्यनाम केले आणि मूळ गाडी विसरून गेली.

परत सत्तावन्नकडे. बजाजच्या टू-स्ट्रोक रिक्षाच्या इंजिनाचे माप लक्षात ठेवायला सोपे आहे. सिलेंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, आणि पिस्टन वर-खाली जितका सरकतो ती लांबी, म्हणजे स्ट्रोक, तीही ५७ मिलिमीटर. व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले ०.७८५४ असा हिशोब केला की १४५.४५ घन सेंटिमीटर येतात. यालाच आपण सीसी म्हणतो. पिस्टन एका फेरीत जेवढी जागा झाडतो तेवढे ते आकारमान. दुधाच्या मापाने बोलायचे तर पाव लिटरच्या अर्ध्याहून थोडे जास्त.

सीसी वाढवायचे मार्ग दोनच: नळा रुंद करा किंवा पिस्टनची धाव लांबवा. धाव लांबवायची तर क्रँक बदलावा लागतो. त्याने पिस्टन वर जास्त चढतो आणि खाली जास्त उतरतो, आणि टू-स्ट्रोक इंजिनात हे फार नाजूक प्रकरण आहे. कारण या इंजिनाला झडपा नसतात. ताजे मिश्रण आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या थेट सिलेंडरच्या भिंतीत कोरलेल्या असतात आणि त्या उघडण्याचे व मिटण्याचे काम पिस्टनच करतो. धाव बदलली की खिडक्यांचे सगळे वेळापत्रक बदलते. म्हणून गल्लीतले काम म्हणजे बहुतेक पहिला मार्ग: व्यास वाढवणे.

यातली गंमत अशी की हा मार्ग प्रत्येक जुन्या तीनचाकीने नकळत थोडाफार चाललेला असतो. सिलेंडर झिजतो. सगळीकडे सारखा नाही. सर्वांत वर, जिथे पहिली रिंग क्षणभर थांबून उलटी फिरते, तिथे तो जास्त खातो, आणि त्याच्यावर न झिजलेल्या लोखंडाची एक कडा उरते. नखाने चाचपली तरी लागते. मग सिलेंडर काही दशांश मिलिमीटर मोठा कापून त्यात तेवढाच मोठा, ‘ओव्हरसाइज’ पिस्टन घालतात. दोन-तीन वेळा असे झाले की ५७चा नळा ५८वर येतो. हिशोब करा: १४५.४५चे १५०.६ सीसी झाले. आरसी बुकात जुनाच आकडा राहतो, इंजिन मात्र पाच सीसीने वाढलेले असते.

बोअर करून आणल्यावर गाडी ‘नव्यापेक्षा भारी पळते’ असे प्रत्येक चालक सांगतो. तो खोटे बोलत नाही. मात्र ते श्रेय त्या पाच सीसींना द्यायचे कारण नाही. साडेतीन टक्के वाढ माणसाला आसनावर बसून जाणवत नाही. जाणवते ते हे, की झिजलेल्या नळ्यातून रिंगांच्या बाजूने जो दाब निसटत होता तो आता कोंडला जातो. गळकी बादली दुरुस्त केल्यावर विहिरीला पाणी वाढले असे वाटावे, तसे हे आहे. सगळा घोळ इथे सुरू होतो. ५८ने इतका फरक पडला, तर ६३ने किती पडेल?

६३चा आकडा हवेतून आलेला नाही. युरोपात वेस्पाचे शौकीन वर्षानुवर्षे असे संच बसवत आले आहेत. वेस्पा पीएक्सचा स्ट्रोक तोच ५७. त्यावर ६३ मिलिमीटरचा सिलेंडर चढवला की १७७ सीसी होतात, आणि ‘एकशे सत्त्याहत्तर’ हे त्या मंडळींत एखाद्या रागाच्या नावासारखे उच्चारले जाते. फक्त तिथे ते जुना सिलेंडर कापत नाहीत. जाड भिंतीचा, मोठ्या खिडक्यांचा नवा सिलेंडर, त्याला साजेसे हेड, कार्बोरेटरचे नवे जेट असा सगळा संसार एकत्र येतो.

कारखानेही हेच करतात. खडबडीत रानात पळवायच्या तीनचाकी गाड्या होंडाने १९७०मध्ये अमेरिकेत आणल्या, ८९ सीसीपासून सुरुवात करून. बर्फात आणि वाळूत चालतील अशी फुगीर टायरे, मोटरसायकलसारखे हँडल. दहा वर्षांनी आलेल्या एटीसी १८५ या गाडीचा व्यास ६३ आणि स्ट्रोक ५७.८ होता, म्हणजे १८० सीसी. लगेच पुढच्या एटीसी २००मध्ये स्ट्रोक तोच ठेवून व्यास ६५ केला आणि १९२ सीसी मिळवले. दोन मिलिमीटरचा बोअर, आपल्या मिस्त्रींसारखाच. फरक इतकाच की त्यामागे प्रयोगशाळा होती. पुढे शक्ती वाढत गेली, तीन चाकांचा तोल होता तेवढाच राहिला, वळणावर उलटून मुले आणि तरुण जायबंदी झाले, मेले. १९८७-८८मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्याने नव्या तीनचाकी रानगाड्यांची विक्री थांबली. इंजिन मोठे करताना गाडीच्या बाकी अंगांना कुणी विचारत नाही, ही तक्रार तिथेही होती.

आपल्या कंपन्यांनीही सीसी वाढवतच नेले, पण वेगळ्या कारणाने. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला पेटते, फोर-स्ट्रोक एक सोडून एक फेरीला. तेव्हा तेवढेच काम काढायला फोर-स्ट्रोकचा नळा मोठा लागतो. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये खिडक्या उघड्या असताना थोडे न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाते आणि वंगणाचे तेलही पेट्रोलाबरोबर जळते. रिक्षाच्या मागे चालताना येणारा तो निळसर उग्र वास त्याचाच. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी टू-स्ट्रोक मागे पडली आणि बजाजची रिक्षा १४५वरून पावणेदोनशे, दोनशे करत २३६ सीसीवर आली. ॲपेच्या डिझेलचा प्रवास तर ३९५वरून ४३५ आणि २०२०च्या बीएस-सहा नियमांबरोबर ५९९पर्यंत झाला. म्हणजे रस्त्यावरची आजची रिक्षा कागदोपत्री जुन्यापेक्षा कितीतरी ‘मोठी’ आहे, पण ती शर्यतीसाठी मोठी झालेली नाही. धूर कमी करण्याची ती किंमत आहे.

आता रोपवाटिकेची गाडी. सिलेंडर उपसून मी मापे घेतली: वर, मधे, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवी-उभी. तो आधीच ५८वर आलेला होता आणि त्यावरही झिजून किंचित अंडाकृती झाला होता. ६३ करायचे तर भिंतीच्या प्रत्येक बाजूचे आणखी अडीच मिलिमीटर लोखंड जाणार. मूळ मापापासून मोजले तर तीन. जिथे खिडक्या आहेत तिथे भिंत आधीच नाजूक असते. तिथे एवढे कापले तर उरेल ती कड पातळ. इंजिन तापले की वेडीवाकडी होणारी.

समजा, भिंत टिकली. पुढचा प्रश्न दाबाचा. हेडमधली जागा तीच राहिली आणि मूळ दाबगुणोत्तर साडेसातच्या जवळपास धरले, तर १७७ सीसीवर ते नवाच्या घरात जाते. दाब वाढला की उष्णता वाढते. आणि हे इंजिन पाण्याने नव्हे, फ्लायव्हीलवरच्या पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. पंखा तोच, पाती तीच, भट्टी मात्र बावीस टक्के मोठी. चढावर गाडी हळू, फेरे कमी, म्हणजे वाराही कमी, आणि नेमका तिथेच जोर सर्वांत जास्त. पिस्टन ॲल्युमिनियमचा, नळा लोखंडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्यासाठी दोघांत केसाएवढी फट सोडलेली असते. ती संपली की पिस्टन नळ्याला धरतो आणि चाके जागीच जाम होतात. रोपवाटिकेच्या उतारावर मागे शेणखताची पोती असताना हे झाले तर काय, याचे उत्तर होंडाच्या त्या गाड्यांकडे आहे.

तिसरी गोष्ट, ढकलण्याची. पिस्टनचे क्षेत्रफळ बावीस टक्क्यांनी वाढले म्हणजे प्रत्येक स्फोटाचा ठोसाही जवळपास तेवढाच जड. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर, क्रँकवर, क्लचच्या प्लेटांवर आणि गिअरच्या दातांवर पडतो. ती सगळी मंडळी १४५ सीसीच्या पगारावर नेमलेली आहेत.

बरे, मुळात शक्ती कमी पडत होती का? मी कागदावर हिशोब मांडला. गाडी, माल आणि चालक मिळून ८०० किलो धरू. दहाला एक असा चढ, वेग ताशी दहा किलोमीटर. नुसते वर चढायला २.२ किलोवॅट लागतात. भुसभुशीत मातीत चाक रुतते, त्याला आणखी सुमारे पावणेदोन. एकूण चार किलोवॅटच्या आत, म्हणजे साडेपाच अश्वशक्तीच्याही आत. वाटेत गिअरमध्ये गळते ते वेगळे. धडधाकट १४५ सीसी इंजिन सहा-सात अश्वशक्ती देते. जमते, पण जेमतेम. आणि वेग ताशी पाच केला तर हीच गरज निम्मी होते. कुंड्यांना घाई नसते. आणखी एक बाब या हिशोबातून दिसली जी मला स्वतःला रंजक वाटली: मातीचा खर्च चढाच्या खर्चाला जवळजवळ खेटतो. चढावर दोन ट्रॅक्टर मुरूम टाकला, तर इंजिनाला हात न लावता मोठा बोजा उतरतो.

कायद्यालाही या सीसीत रस आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन वगळलेले आहे. ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. त्याच कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करू देत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. झीज भरून काढण्यासाठी केलेला ओव्हरसाइज आणि शक्तीसाठी केलेला १७७ यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. ही गाडी कुंपणाच्या आत होती हे खरे. पण कुंपणाला फाटक असते, आणि खत आणायला ती फाटकाबाहेर जात नसेल यावर मिस्त्रींचा विश्वास नव्हता.

रस्त्यावरच्या रिक्षावाल्याचे गणित आणखी अवघड आहे. कल्याण-उल्हासनगरच्या शेअर रिक्षांत चालकाला चिकटून बसणारा चौथा प्रवासी हे उघड गुपित आहे. तो नियमात बसत नाही, पण कर्जाच्या हप्त्यात बसतो. पुलाच्या चढावर त्याचे वजन इंजिन ओढते आणि मग चालक मिस्त्रीकडे येऊन ‘जरा ताकद वाढवा’ म्हणतो. अशा वेळी बोअरचा प्रश्न मुळात भाड्याचा प्रश्न असतो, आणि त्यावर लेथवर उत्तर नाही.

मिस्त्रींनी आधी सायलेन्सर उतरवला. ‘सर, हे बघा.’ आतून तो काळ्या खडीसाखरेसारख्या कार्बनने भरला होता. सिलेंडरची धूर बाहेर सोडणारी खिडकीही निम्मी बुजलेली. टू-स्ट्रोकला तेलाचे प्रमाण जास्त पडले की हे होते. दोन टक्क्यांऐवजी अंदाजाने, ‘थोडं जास्तच बरं’ म्हणून ओतलेले तेल. नाक दाबून धरलेल्या माणसाला मोठी छाती बसवून द्यायला निघालो होतो आम्ही. क्लचच्या प्लेटाही गुळगुळीत झालेल्या. इंजिनाचा अर्धा जोर तिथेच घसरून जात होता.

मालकांना समजावणे हे सर्वांत लांब काम ठरले. भाचा १७७वर अडून होता आणि खरे सांगायचे तर त्याच्या डोळ्यांतली चमक मला आवडली. वर्गात असा एखादाच मुलगा यायचा. त्याला मी मायक्रोमीटर हातात देऊन भिंत मोजायला लावली. मोजून झाल्यावर तो काही बोलला नाही, पण वाद थांबला.

सिलेंडरमध्ये लायनर बसवला. लायनर म्हणजे लोखंडाची नवी नळी: जुना नळा मोठा कापायचा, तापवायचा आणि थंड नळी त्यात सरकवायची, निवाल्यावर जुने लोखंड तिला मिठी मारते. मग नळीत खिडक्या कापायच्या, हुबेहूब जुन्यांच्या रेषेत, आणि त्यांच्या कडा किंचित गोल करायच्या, नाहीतर रिंग खिडकीत अडकून तुटते. हे गोल करायचे काम दिसत नाही म्हणून पुष्कळदा टाळले जाते. शेवटी होनिंग: दगड फिरवून भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवायच्या. तेल त्या रेघांत टिकते. आरशासारखा गुळगुळीत नळा दिसायला देखणा, पण तेल धरत नाही.

व्यास पुन्हा ५७ झाला, इंजिन पुन्हा १४५ सीसीचे. नवा पिस्टन, नव्या रिंगा, क्लचच्या प्लेटा, भाजून साफ केलेला सायलेन्सर. पहिले काही दिवस अर्धाच माल आणि सावकाश चालवा, असे मिस्त्रींनी दोनदा बजावले. तेलासाठी त्यांनी औषधाचे एक मापी झाकण दिले आणि पाच लिटर पेट्रोलला किती झाकणे ते डब्यावर रंगाने लिहून दिले. गाडी आता दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढते. भाच्याने मुरमाचे मनावर घेतले. पावसाआधी दोन खेपा पडल्या होत्या.

ब्लॉकच्या बाहेरच्या बाजूला, रंग खरवडून, मिस्त्रींनी पंचने माप आणि तारीख ठोकून ठेवली आहे. पुढे कधीतरी दुसराच कुणी तो उघडेल, तेव्हा आत लायनर आहे आणि किती कापायला वाव आहे, हे त्याला आधी कळावे म्हणून.